अक्षरावाचून अडत नाही

मशीन जुनं आहे, ओस्मारिनो, पण बरं आहे.
झाकण उघडलं तर आत मुंग्यांचं बिऱ्हाड निघालं,
एका पिनेचा डाख सुटला होता, दिला पुन्हा.
पहिला डाखही कदाचित माझाच असेल.
एकोणीस वर्षांची होते,
मानाउसच्या कारखान्यात दिवसाला अडीचशे मशीनं,
संध्याकाळी डोळ्यांत धूर.

तुम्ही काउंटरवर दोन्ही पंजे ठेवलेत,
दोरखंडानं सोललेले,
आणि हळूच म्हणालात,
तेफेपर्यंत तीन रात्री जातात,
झुल्यात पडून झोप लागत नाही,
स्वयंपाक्याचा टीव्ही आहे,
असं काही द्या, ज्यात वाचावं लागत नाही.
मग घसा खाकरलात. चष्मा विसरलो, म्हणालात.
आठ वर्षांत तुमच्या नाकावर चष्मा मी पाहिलेला नाही.

तर हे घ्या, निळं. लेबल कधीच निघून गेलंय,
कोपऱ्यावर दाताचा ठसा आहे, तीच खूण.
वरून ठोकळे पडतात, खाली रचायचे.
बोटीच्या पोटात तुम्ही केळ्यांचे घड, सिमेंट, कोंबड्यांची खुराडी
बोटभर जागा न सोडता लावता, तसंच.
फरक इतकाच, इथे ओळ भरली की माल नाहीसा होतो
आणि मालक ओरडत नाही.

हे फुटबॉलचं. खेळाडूंची नावं ज्यानं ठेवली
त्यानं आपला देश नकाशावरही नीट पाहिला नसावा;
वाचता न येणं इथे भाग्यच.
गोलकीपर कोपऱ्यातला चेंडू दरवेळी सोडतो.
तीस वर्षं झाली, बिचारा शिकला नाही.

मोटारीचं नको. पहिलं वळण छान,
मग तेच डोंगर, तेच डोंगर.
त्यापेक्षा पाणबुडी. हवा संपत आली की टीं टीं वाजतं,
ते कानाला कळतं.
आवाज बारीक ठेवा, शेजारच्या झुल्यातल्या बाया मारतील.

आणि फुंकर घालू नका. सगळेच घालतात.
फुंकर जखमेला ठीक, तांब्याला ओल चढते.

ते नको. ते खाली ठेवा.
ते गोष्टीचं आहे, नुसतं बोलणंच बोलणं,
चार पावलांवर कुणीतरी अडवतो
आणि पडदाभर अक्षरं.

तरी तुमचा अंगठा त्या काळ्या डबीवरून हटेना.

खरं सांगू?
तपासणीच्या टेबलावर आम्ही तेच लावायचो.
मशीनमागे चाळीस सेकंद:
झोपडीतून बाहेर, विहीर, दाढीवाला म्हातारा, बंद.
पुढचं मशीन.
परकी भाषा, ओ की ठो कळायचं नाही.
रोसिल्डा म्हणायची, पगार झाला का विचारतोय.
मी म्हणायचे, छे, आज बस चुकणार म्हणतोय.
लुसिनेत लाजायची, लग्नाचं विचारतोय गं.
हजारदा भेटला असेल, हजारदा वेगळं बोलला.
विहिरीपलीकडे काय आहे
ते आमच्यातल्या एकीनंही पाहिलं नाही.

घेऊन जा. पैसे परत आल्यावर.

अकरा दिवसांनी आलात, हातात तुकुमाच्या फळांची पिशवी.
निळं परत केलंत: ही तर ड्यूटीच झाली.
पाणबुडी बायांनी बंद करायला लावली.
काळं खिशातून काढलंच नाहीत.
म्हणालात, विहिरीजवळचा तो म्हातारा
रोज एकच विचारतो,
वरच्या अंगाला पाणी किती चढलंय.

मधल्या वर्षांत मी रात्रशाळेत गेले, ती भाषा थोडी शिकले.
म्हातारा तलवारीबद्दल बोलतो.
पूर्वेच्या गुहेत आहे, म्हणतो.

पिशवीतून एक तुकुमा घरंगळत काउंटरच्या कडेला आला,
तो मी हातानं अडवला.
विचारलं, मग तुम्ही काय सांगितलंत?